नावेच्या चेनप्लेट बसवताना वापरलेला डिजिटल कोनमापक: सात महिन्यांनंतर

चुंबकी तळाचा हा डिजिटल कोनमापक मी सात महिन्यांपूर्वी १,४५० रुपयांना घेतला. अलिबागजवळ घराच्या अंगणात ताडपत्रीखाली मी मरीन प्लायवूडची चौदा फुटी शिडाची नाव बांधतो आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या श्राउडच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना जोडायच्या, त्या चेनप्लेट अचूक कोनात बसवण्यासाठीच ही खरेदी होती. पहिल्या महिन्यात मी त्याला पाच तारे दिले होते आणि तिसऱ्या महिन्यात रागाने एकावर आणले. दोन्ही मते आता बदलावी लागत आहेत.

माझ्या नावेत तार चेनप्लेटपासून ४.२ मीटर उंचीवर डोलकाठीला मिळते, आणि चेनप्लेट डोलकाठीच्या ३५ सेंटिमीटर मागे आहे. म्हणजे बाजूने पाहिले असता तार ४.८ अंश कललेली असते आणि पट्टीही नेमकी त्याच रेषेत हवी. तसे नसेल तर वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी पट्टी किंचित वाकते, बोल्ट सैल होऊन प्लायमध्ये पाणी शिरते, आणि स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत दिसत असतानाच एखाद्या दिवशी थकून तुटते.

नाव स्टँडवर होती तेव्हा तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, १.८ अंश वर होती. म्हणून मी उपकरण जलरेषेच्या (नाव तरंगताना पाणी जिथवर येते त्या रेषेच्या) पट्टीवर ठेवून तिथला कोन शून्य धरायला लावला आणि उजवी चेनप्लेट बसवली. मग बोल्ट शोधण्यात थोडा वेळ गेला. पाच मिनिटे बटण दाबले नाही की हे उपकरण आपोआप बंद होते आणि पुन्हा सुरू करताच आपण दिलेले शून्य विसरून जमिनीच्या सापेक्ष कोन दाखवू लागते. पडद्याच्या कोपऱ्यातली एक बारीक खूण तेवढी नाहीशी होते, आणि ती माझ्या लक्षात आली नाही. डावी चेनप्लेट त्याच आकड्यावर विश्वास ठेवून मी भोके पाडून बसवली.

चूक उघड झाली ती डोलकाठी तात्पुरती उभी केल्यावर. तार जिथे लागणार तिथून सुताचा दोरा ताणून चेनप्लेटच्या डोळ्यावरून, म्हणजे तार अडकवायच्या वरच्या भोकावरून, खाली आणला, तेव्हा उजवीकडे तो पट्टीच्या मध्यरेषेवरून सरळ खाली गेला आणि डावीकडे शेवटच्या बोल्टापाशी ८ मिलिमीटर बाजूला पडला. वरचे आणि खालचे भोक यांत २५० मिलिमीटर अंतर असेल तर १.८ अंशांचा फरक बरोबर तेवढाच होतो. मधले भोक नव्या जागेत मिसळून लांबट झाले असते, म्हणून खालची दोन्ही भोके घट्ट इपॉक्सीने भरून, सुकवून, नव्याने पाडावी लागली. चार दिवस गेले.

विक्रेत्याला मी तीन वेळा लिहिले. उपकरणात दोष नाही, परतीची मुदत संपली आहे, आणि आपोआप बंद होण्याची वेळ बदलता येत नाही, एवढेच उत्तर आले. बॅटरी वाचवण्यासाठी मापाचा आधारच पुसून टाकणे हा मोजण्याच्या उपकरणातला गंभीर दोष आहे, असे माझे आजही ठाम मत आहे.

त्याच रागात मी मापही चुकीचे ठरवून टाकले होते, आणि तो मात्र अन्याय होता. गवंडी पाणसळ तपासतो तसे मी ते एकाच जागी उलटसुलट फिरवून पाहिले. दोन वाचनांतल्या फरकाचा अर्धा भाग ही उपकरणाची स्वतःची चूक असते. ती ०.१ अंशाच्या आतच निघाली, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेनंतरही तेवढीच राहिली.

शेवटी उपाय सापडला तो नळीत. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी दहा मीटर घेतली, बुडबुडे काढून पाणी भरले, आणि नाळेवरची व मागची जलरेषेची खूण एका पातळीवर येईपर्यंत पाचरी ठोकल्या. आडव्या दिशेलाही तेच केले. नावच सपाट असली की वेगळे शून्य द्यावे लागत नाही आणि उपकरण कितीही वेळा बंद पडले तरी बिघडत नाही. दोनशे रुपयांच्या नळीने इतके निश्चिंत केले की ती आधीच का घेतली नाही, याची खंत वाटते.

चुंबकी तळ या कामात निरुपयोगी आहे, कारण ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी दोन्हींना चुंबक धरत नाही. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा बांधतो. डोलकाठीची मागची झुकण मोजायला तर हे उपकरण वापरूच नये. ०.१ अंशाची चूकही ४.२ मीटरवर ७ मिलिमीटर होते, आणि बादलीतल्या पाण्यात बुडवून स्थिर केलेला ओळंबा त्याहून बारीक फरक दाखवतो.

आता दोन्ही चेनप्लेटवर ४.८ येते आणि दोराही मध्यरेषेवरून जातो. म्हणून तीन तारे देतो. शून्य लक्षात ठेवणारे हेच उपकरण आले तर पाचशे रुपये जास्त देऊन घेईन.