कवींचे ट्रम्प कार्ड : ५९९ रुपयांत ४८ कवी, त्यातला एक अस्तित्वातच नाही

आमच्या पिढीनं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळलेत, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचा पत्ता उचलायचा. तर मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात स्टॉलवर सेम टू सेम तसेच पत्ते दिसले, फक्त पैलवानांच्या जागी कवी! जगभरातले ४८ कवी, पुढं चित्र, मागं शंभरेक शब्दांत मराठीतून आयुष्य आणि खाली पट्टीत चार आकडे : जन्मसाल, वय, हयातीतली पुस्तकं, प्रसिद्धी (दहापैकी). किंमत ५९९. बायको म्हणाली, पोरगी सातवीत आहे, ती कशाला खेळेल हे. मी घेतलेच, खरं सांगायचं तर स्वतःसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, छोटी कंपनी आहे, उगाच पोटावर पाय नको.

आधी पॅकिंगचं बोलून घेतो. डबा दिसायला झकास पण झाकण तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात फाटलं, सध्या सेलोटेपवर चाललंय. पत्ते इतके गुळगुळीत की पिसताना निम्मे सोफ्याखाली. आणि मागचा टाइप एवढा बारीक की आईनं पहिलाच पत्ता हातात घेऊन माझ्याकडं परत दिला, "तूच वाच, मला मुंग्या दिसतात."

पण वाचायला घेतल्यावर मात्र आम्ही अडकलो. सगळ्यात भारी पत्ता ॲना अख्मातोवाचा. मला वाटलेलं नेहमीसारखं जन्म १८८९, मृत्यू १९६६, थोर रशियन कवयित्री वगैरे असणार. तसं काही नाही. सरळ सुरू होतं की पोरगा तुरुंगात आणि ही लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर बायकांच्या रांगेत, असे सतरा महिने. नवऱ्याला, म्हणजे तोवर घटस्फोट झालेला, १९२१ मध्येच गोळ्या घातलेल्या. घरात कागद सापडला तर संपलं, म्हणून कवितेच्या ओळी चिठ्ठीवर लिहायच्या, मैत्रिणीनं मनातल्या मनात वाचून पाठ करायच्या, मग ती चिठ्ठी ॲशट्रेमध्ये जाळायची. अशी ती अख्खी कविता वर्षानुवर्षं काही माणसांच्या डोक्यात राहिली. पुस्तक म्हणून १९६३ ला छापली गेली तीही जर्मनीत, तिच्या स्वतःच्या देशात १९८७ ला, ती जाऊन वीस वर्षं उलटल्यावर. पोरीनं विचारलं, मग मधेच एखादी मैत्रीण विसरली असती तर? मला उत्तर आलं नाही.

बाशोचा पत्ताही मस्त. १६४४ ते १६९४, हायकूवाला जपानी कवी एवढंच मला माहीत होतं. बाशो म्हणजे केळ हे नव्हतं माहीत. शिष्यानं झोपडीपाशी केळीचं रोप लावलं, लोक झोपडीला केळीवाली झोपडी म्हणायला लागले आणि ह्यानं तेच नाव घेतलं. त्याला ती केळ आवडायची कारण ती कशाच्याच उपयोगाची नाही, लाकूड कामाचं नाही, पानं वाऱ्यानं फाटतात. हे वाचून आई खळखळून हसली. तिचं माहेर जळगावकडचं, रावेर-यावलच्या केळी बघत वाढलेली बाई. म्हणे बिनकामाची केळ असते होय! त्याला म्हणावं आमच्याकडं ये. (अनुवादकानं मात्र इथं "कदली वृक्ष" लिहिलंय. अरे केळ म्हण ना बाबा.)

आता भंगार पत्ते. नेरुदा आणि टागोर दोघांचे पत्ते म्हणजे बायोडेटा आहेत, नुसतं पद, पुरस्कार, पद, पुरस्कार. चिलीचा नेरुदा कॉन्सल होता, सेनेटर होता, १९७१ ला नोबेल, बरं मग? त्याचं खरं नाव नेफ्ताली रेयेस हे तरी सांगायचं. ली बाई या जुन्या चिनी कवीच्या पत्त्यावर तो पाण्यातला चंद्र पकडायला गेला आणि बुडून मेला असं ठोकून दिलंय, ही दंतकथा आहे हे एका शब्दानं तरी सांगा. गालिबच्या पत्त्यात आंबे, उधारी आणि जुगारापायी १८४७ ला झालेला तुरुंग, सगळं चटपटीत आलंय पण सात मुलं झाली आणि एकही जगलं नाही हे गायब. नुसते आंबे सांगितले की माणूस विनोदी वाटतो.

आणि आता तो अस्तित्वात नसलेला कवी. पत्ता क्रमांक ३१, आल्वारो द काम्पुश, पोर्तुगाल, जन्म १८९०, तावीरा गावचा, ग्लासगोला जहाजांचं इंजिनिअरिंग शिकलेला. मृत्यूच्या जागी रेघ, फोटोच्या जागी नुसती काळी सावली. पोरगी म्हणाली, बाबा हा अजून जिवंत आहे का, मग हा १३० च्या वर वयाचा, हा वयात सगळ्यांना हरवणार! आणि खरंच तिनं त्या पत्त्यावर माझे सलग सहा पत्ते मारले. मला कुठंतरी खटकलं म्हणून शोधलं तर हा माणूस जन्मालाच आलेला नाही. तो फर्नांदो पेसोआनं तयार केलेला कवी. पेसोआ (१८८८ ते १९३५) लिस्बनमध्ये व्यापारी कंपन्यांची इंग्रजी-फ्रेंच पत्रं लिहून पोट भरायचा आणि इकडं एकटाच अनेक कवी बनून लिहायचा, नुसती टोपणनावं नाहीत हं, प्रत्येकाला वेगळी जन्मतारीख, वेगळा धंदा, वेगळी शैली, ते एकमेकांच्या कवितांवर मतंसुद्धा द्यायचे. मेल्यावर ट्रंकेत पंचवीस हजारांहून जास्त कागद निघाले. कंपनीच्या कुणीतरी कुठूनतरी यादी उचलली आणि ह्या खोट्या माणसाला खरा समजून पत्ता छापून टाकला. पेसोआचा स्वतःचा पत्ता क्रमांक ३० आहे, म्हणजे दोघं डब्यात शेजारी शेजारी! आणि पोर्तुगीजमध्ये पेसोआचा अर्थच मुळी "व्यक्ती". मी मेल टाकला, उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद." पुढं काही नाही. तसं आता मलाच वाटतं दुरुस्त करू नये, पेसोआ खूश झाला असता.

गेम म्हणून सांगायचं तर "प्रसिद्धी" हा आकडा निव्वळ येडेपणा. ग्रीक कवयित्री सॅफोला दहापैकी पाच. अडीच हजार वर्षांपूर्वीची बाई, तिच्या कवितांचे उरलेत ते बहुतेक तुकडेच, तरी आज आपण तिचं नाव घेतोय, आणि पाच? वय हा आकडाही खेळताना विचित्र वाटतो. इंग्रज कवी कीट्सचा पत्ता वय २५ मुळं कायम हरतो, त्याच्याकडून हरेल असा एकच पत्ता म्हणजे कलकत्त्याची तोरू दत्त, १८५६ ते १८७७, वय २१. दोघांनाही क्षयच. कीट्स तर डॉक्टरकी शिकलेला, भावाला त्याच रोगानं जाताना बघितलेलं, चादरीवर पडलेलं स्वतःचं रक्त बघून ओळखलं त्यानं. अशा माणसाच्या पत्त्यावर "हरलास, दे इकडं" म्हणताना जरा कसंतरीच होतं.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचा पत्ता हातात आला की सगळ्यांचं तोंड वाकडं व्हायचं, कारण हयातीतली पुस्तकं शून्य. जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या, छापल्या गेल्या दहाच्या आसपास. १८८६ ला ती गेल्यावर बहिणीला दोऱ्यानं शिवलेल्या वह्या सापडल्या. त्यापेक्षा गावच्या प्रदर्शनात १८५६ ला ब्रेडसाठी दुसरं बक्षीस मिळालं ते बरं. हे पत्त्यावर आहे आणि असं काही लिहिणाऱ्याला माझे पाचपैकी पाच, बाकी डब्याला साडेतीन.

आई मात्र सगळे ४८ ऐकून झाल्यावर म्हणाली, "आपली बहिणाबाई कुठंय रे यात?" नाहीये. भारतातले चार आहेत, मराठी एकही नाही. मग पोरीनंच जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर पत्ता बनवला, आई सांगत गेली. बहिणाबाई चौधरी, १८८०, असोदे. लिहिता येत नव्हतं, जात्यावर नि शेतात गायच्या, पोरानं आणि भाच्यानं उतरून घेतलं. १९५१ ला गेल्या, पुस्तक १९५२ ला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. वय ७१, म्हणजे गालिबइतकंच. पुस्तकांच्या रकान्यात पोरगी थांबली, हयातीतली म्हणजे शून्यच ना आजी? शून्यच.

पुठ्ठा जाड आहे, पिसताना लगेच कळतो. रविवारी पहिल्याच डावात आईनं तो टाकला, पुस्तकं म्हणाली, समोरून पोरीची डिकिन्सन आली. शून्याला शून्य. आमच्याकडं टाय झाला की दोन्ही पत्ते मधे ठेवायचे आणि पुढची बारी जिंकेल त्याला.