जुनी जिप्सी किंग खानदेशात: मालक तिला का सोडत नाहीत

धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही मारुतीची जुनी जिप्सी विकत घ्यायला निघा. सौदा किमतीवर फारसा मोडत नाही, मालकच आयत्या वेळी मागे फिरतो. एसी नाही, पॉवर स्टेअरिंग नाही, पेट्रोल भरपूर लागते, घरात दुसरी आरामाची गाडी उभी आहे, तरी हिला द्यायला जीव होत नाही. याला हळवेपणा म्हणून सोडून देऊ नये. याची कारणे गाडीच्या लोखंडात आहेत आणि ती बोट ठेवून दाखवता येतात.

जिप्सी १९८५ साली आली तेव्हा तिला ९७० सीसीचे इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटरची, पाच गिअरची किंग आली. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (इंधन फवारणारे) इंजिन बसले, ताकद ८० बीएचपी. सर्वसामान्य ग्राहकांसाठी बुकिंग २०१८ च्या अखेरीस बंद झाले. आज घ्यायची तर एमपीएफआय किंगच घ्यावी. हे इंजिन एस्टीममध्येही होते, त्यामुळे सेन्सर आणि गास्केट अजून सहज मिळतात. लष्कर आणि पोलिसांनी ही गाडी वर्षानुवर्षे वापरल्याने बाकीच्या सुट्या भागांचीही ओरड नाही.

आता काळ्या मातीचे बोलू, कारण खानदेशात या गाडीची किंमत तिथेच कळते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की शेतरस्ता फुगतो, माती टायरच्या नक्षीत बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी ताकदीपेक्षा वजन महत्त्वाचे. सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छताच्या किंगचे वजन ९८५ किलो. पाच दरवाज्यांची जिमनी हिच्यापेक्षा दोनशे किलोंहून अधिक जड आहे, डिझेल थार तर कितीतरी जड. हलकी गाडी कमी रुतते, आणि रुतली तरी चार माणसे तिला ढकलून काढतात. कंपनीचा टायर २०५/७० आर १५, म्हणजे अरुंदच. तो वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थराला टेकतो. रुबाबासाठी रुंद टायर घातले की हा गुण जातो, स्टेअरिंग जड होते आणि पुढच्या अॅक्सलचे बेअरिंग लवकर संपतात. फार तर २१५/७५ आर १५ मड टायर घालावेत, त्यापुढे जाऊ नये.

रुतल्यावर रेस वाढवत बसू नका. चाक जागेवर फिरले की खड्डा खोल होतो आणि शेवटी अॅक्सल मातीला टेकतो. आलेल्या चाकोरीतूनच उलटी घ्या. बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या रचलेल्या असतातच, त्या चाकाखाली आडव्या टाका. दोन्ही अॅक्सलना साधे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आहे, लॉक नाही. त्यामुळे एक पुढचे आणि त्याच्या तिरके मागचे चाक हवेत गेले की गाडी थांबते. अशा वेळी रेस कायम ठेवून ब्रेकवर हलका पाय द्यावा. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला अडथळा होतो आणि थोडी ओढ जमिनीवरच्या चाकाकडे जाते. तापीच्या किंवा पांझरेच्या कोरड्या वाळूत मात्र गणित वेगळे. तिथे हवा १६ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबरावर येताच परत भरायची, कारण कमी हवेवर वेगात गेले की टायरची बाजू तापून फाटते.

मालकांचा खरा जीव अडकतो तो दुसऱ्या लिव्हरमध्ये. गिअरबॉक्सपासून वेगळा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी), मधे छोटा प्रोपेलर शाफ्ट (ओढ नेणारा दांडा), आणि सगळे हाताने चालणारे. टू-हाय (दोन चाकांना ओढ), फोर-हाय (चारही चाकांना), फोर-लो (चारही चाकांना, जास्त ओढ). बटण नाही, व्हॅक्यूम नाही, संगणक नाही. दात बसले की तळहाताला कळते. ट्रान्सफरचे गुणोत्तर हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८, म्हणजे लोमध्ये ओढ सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. या इंजिनाला हे लागतेच, कारण टॉर्क जेमतेम १०३ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमच्या आसपास. धडगाव-मोलगीकडच्या कच्च्या चढावर हायमध्ये पहिला गिअर टाकून क्लच जाळण्यापेक्षा सरळ लो लावावा. फोर-हाय चालत्या गाडीत, सरळ रेषेत, रेस सोडून लागतो. फोर-लोसाठी गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबायचा. पुढच्या चाकांवर फ्री-व्हीलिंग हब (चाक अॅक्सलपासून सोडवणारे तुंबे) असतील तर ते नाल्यात उतरण्याआधीच लॉक करावेत, एकदा चिखलात उभे राहिल्यावर तिथवर हात पोहोचत नाही. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळू नये. मधे डिफरन्शियल नसल्याने वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि गाडी आखडते. त्याचा मार शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यांवर) आणि ट्रान्सफरच्या दातांवर पडतो. उन्हाळाभर हब फ्री राहिले तर महिन्यातून एकदा लॉक करून काही किलोमीटर चालवावे. पुढच्या डिफरन्शियलचे वरचे दात तेलाने भिजतात आणि हबही जाम होत नाहीत.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती स्टेअरिंगच्या थरथरीची. साठ-सत्तरच्या वेगाला, एखाद्या खड्ड्यानंतर, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना झटके देऊ लागते आणि वेग पार उतरवल्याशिवाय थांबत नाही. बहुतेक ठिकाणी मिस्तरी पहिल्यांदा स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) बदलतात. हा क्रमच उलटा आहे. डॅम्पर फक्त दुखणे झाकतो.

पहिले काम पाण्याचे. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेली काळी माती चिकटून बसते, बाहेरून ती दिसत नाही, आणि एका बाजूला साचलेला तेवढा गोळा चाकाचा तोल घालवायला पुरतो. पावसाळ्यात सुरू झालेली अर्धी थरथर रिम आतून धुतल्यावर जाते. राहिली तर बॅलन्सिंग करून घ्यावे. तरीही असेल तर पुढचे चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ लागला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग सैल आहे. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर किंगपिनचे (ज्या खुंटीवर चाक वळते तिचे) बेअरिंग गेले आहे. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉड एंड पाहा. किंगपिनला वर-खाली शिम (पातळ चकत्या) असतात. बेअरिंग चांगले असून नुसते सैल असेल तर शिम कमी करून ते आवळता येते. टायरॉड सोडवून, स्प्रिंगच्या काट्याने ओढून ताण मोजावा, अंदाजाने आवळू नये. फार आवळले की वळल्यावर स्टेअरिंग आपोआप परत येत नाही. एवढे केल्यावर डॅम्पर बदलायचा असेल तर बदला.

पुढच्या अॅक्सलचे दुसरे दुखणे म्हणजे नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) गळती. चाकामागच्या गोल कवचावर काळपट, पातळ तेल-ग्रीसचा थर आणि त्यावर माती चिकटलेली दिसली की समजावे, आतला सील गेला. डिफरन्शियलचे तेल त्या कवचात शिरते, जॉइंटचे ग्रीस धुऊन नेते आणि मग पूर्ण वळणावर कट-कट आवाज सुरू होतो. सील स्वस्त आहे, मजुरी जास्त. म्हणून दोन्ही बाजू एकदमच उघडाव्यात, जुने ग्रीस पूर्ण पुसून मॉलीचे नवे ग्रीस भरावे. पण सील पुन्हा पुन्हा जात असेल तर त्याला दोष देऊ नका, अॅक्सलवरचा ब्रीदर (हवा सोडणारे छोटे तोंड) पाहा. चिखलाने ब्रीदर बुजला की तापलेल्या हवेला वाट उरत नाही आणि ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. उलट, तापलेला अॅक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधूनच आत ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती इंजिनाच्या खोलीत उंच बांधणे हे या गाडीवरचे सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी काम. तेलाला चहासारखा दुधी रंग आला असेल तर ते त्याच आठवड्यात बदलावे.

तेलाची मापे साधारण अशी: गिअरबॉक्स १.३ लिटर, ट्रान्सफर केस ०.८, पुढचे डिफरन्शियल २, मागचे १.५. गाडी सपाट जागी उभी करून लेव्हलच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरायचे. ट्रान्सफर वेगळा असल्याने त्याचे तेल हटकून विसरले जाते. गिअरबॉक्सचे तेल बदलले म्हणजे दोन्हीचे झाले असे समजणारे मिस्तरी कमी नाहीत, तेव्हा समोर उभे राहूनच भरून घ्यावे. ट्रान्सफरचे रबरी माउंट फाटले की उतारावर रेस सोडताच लिव्हर फोर-लोमधून उडतो. दात झिजले म्हणून ट्रान्सफर उघडण्याआधी माउंट तपासा. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना दर पाच हजार किलोमीटरला आणि पाण्यातून गेल्यावर लगेच ग्रीस मारावे. मागच्या ब्रेकचे ड्रम पावसाळ्यानंतर एकदा काढून धुवावेत, आतला गाळ लायनर घासून खातो.

जळगाव-भुसावळचा मे महिना या गाडीला जड जातो, माणसाला त्याहून जड. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कापसाची तूस बसते. ती मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात. कूलंट निम्मे-निम्मे मिसळलेलेच घालावे. बोअरचे पाणी घातल्यास आत क्षार धरतात आणि दोन उन्हाळ्यांत रेडिएटर चोंदतो. इंधनात आता २० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या ई-२० चालणाऱ्या घ्याव्यात, आणि नळ्या बदलल्यावर फिल्टर महिनाभरात पुन्हा बदलावा, कारण इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवून आणते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ४० लिटरची टाकी भरून ठेवावी. अर्ध्या टाकीत दमट हवा राहते आणि पत्रा आतून गंजतो. मायलेज महामार्गावर ११-१२, डोंगरात ८-९ धरून चालावे. धडगावकडे निघताना शहादा किंवा तळोद्याला टाकी भरणे शहाणपणाचे.

गंजाच्या बाबतीत खानदेशची कोरडी हवा वरदान आहे. मुंबई-कोकणातून आलेली जिप्सी स्वस्त दिसते, पण चटई उचलून पुढच्या सीटमागचा पत्रा, मागच्या चाकावरची कमान, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि चासीचा मागचा आडवा भाग स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. रंगाखाली पत्रा दबला तर पुढे बोलूच नका. इंजिन बांधता येते, चासी नाही.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. मागच्या आडव्या बाकांवर लहान मुलांना बसवून सुरत-नागपूर महामार्गावर जाणे मला पटत नाही. कमानपाट्यांमुळे रिकामी गाडी दणके देते, ऐंशीच्या पुढे बोलणे ऐकू येत नाही. रोज जळगाव-धुळे करणाऱ्याने ही घेऊ नये. ज्याला ओढायचे, वाहायचे काम आहे त्याने २०१० ते २०२० मधली सीआरडीई इंजिनाची डिझेल थार पाहावी. तिचा २४७ न्यूटन-मीटर टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो आणि २०१५ नंतरच्या गाड्यांत मागे मेकॅनिकल लॉकही आहे. पण ती रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. जिप्सीवाला तोवर पऱ्हाट्या टाकून घरी पोहोचलेला असतो, आणि बिघाड झालाच तर तो कुठे असेल हे त्याला आवाजावरून कळते. हीच गोष्ट मालकाला बांधून ठेवते. जे तुटते ते डोळ्यांना दिसते, साध्या पान्यांनी सुटते, आणि एकदा स्वतःच्या हाताने बसवलेला भाग दुसऱ्याच्या हवाली करणे जड जाते.

कागदपत्रांत दोन गोष्टी. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची पुनर्नोंदणी झाली आहे का, आणि किती तारखेपर्यंत, हे आधी पाहा. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० झाले, हरित कर वेगळा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर रंग बदललेला हवा. ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही. चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा.

विंच, एलईडी पट्ट्या, मोठे बंपर यांचे पैसे विक्रेत्याला देऊ नका, ते या हलक्या गाडीवर ओझेच आहे. तेवढ्या पैशांत पहिल्या महिन्यात चारही तेले, दोन्ही बाजूंचे नकल सील, टायमिंग बेल्ट, इंधनाच्या नळ्या, ट्रान्सफरचे माउंट आणि ब्रीदरच्या नळ्या करून घ्या. टायर त्यानंतर.