डॉक्टर गेले, पाटी तशीच

डॉक्टरांनी नोकरी बदलली, तर पेशंटने तक्रार करावी असं त्यात काही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. डॉक्टर सोडून गेल्यावरही क्लिनिकने त्यांच्या नावावर आगाऊ पैसे घेतले, त्यांच्या लेटरहेडवर भलत्याच माणसाने औषधं लिहिली, आणि विचारलं की 'सर रजेवर आहेत' म्हणून आमची बोळवण केली.

आईला बरीच वर्षं आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि दुखणं फारच उसळलं तर काही काळ प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ही औषधं साधी नाहीत. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. पांढऱ्या पेशी आणि लिव्हर यांवर नजर ठेवायला रक्त ठरावीक काळाने तपासावंच लागतं. प्रेडनिसोलोन बरेच आठवडे चालू असेल तर एकदम थांबवता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं. म्हणून तज्ज्ञ हवा, आणि शक्यतो एकच हवा. कोणत्या डोसला आईचं तोंड आलं होतं, कशाने लिव्हर बिघडलं होतं, हे सगळं सरांना फाइल न उघडता आठवायचं. त्याच भरवशावर आम्ही वर्षभराचं फॉलो-अप पॅकेज घेतलं. पावतीवर सरांचं नाव छापलेलं आहे.

पैसे भरल्यानंतरच्या पहिल्याच अपॉइंटमेंटला सर नव्हते. कॉन्फरन्सला गेलेत, असं कळलं. पुढच्या वेळी घरचं कार्य होतं. त्यानंतर 'सरांना बरं नाहीये, कुणाला बोलू नका हं', असं काउंटरवरच्या मॅडमनी इतक्या आपुलकीने सांगितलं की आई स्वतःचे सांधे विसरून सरांचीच काळजी करत घरी आली. दाराबाहेर पाटी सरांचीच, आत खुर्चीत मात्र एक तरुण डॉक्टर. नाव विचारलं तर 'मी सरांच्याच टीममधला'. ते जुनी चिठ्ठी समोर ठेवून जशीच्या तशी उतरवून द्यायचे. रक्ततपासणीचं काय, असं आम्हीच विचारलं, तर म्हणाले, 'मागचा रिपोर्ट नॉर्मल होता ना, मग कशाला?'

पुढे आईला लघवीला जळजळ सुरू झाली. त्या तरुण डॉक्टरांनी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं. आम्ही मुकाट्याने घेऊनही गेलो असतो, पण मेडिकलवाल्याने चिठ्ठी हातात धरली आणि विचारलं, 'काकू, तुम्हाला मेथोट्रेक्सेट चालू आहे ना? मग ही गोळी मी देणार नाही. कुणी लिहिली?' ही दोन्ही औषधं फोलेटच्या, म्हणजे रक्तपेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, कामात अडथळा आणतात. एकत्र घेतली तर रक्तपेशी तयार होणंच मंदावू शकतं, आणि वयस्कर माणसाला तर ते फारच महागात पडतं. सरांनी लिहिली, असं आई म्हणाली. त्यावर तो म्हणाला, 'सर? ते तर कधीच सोडून गेले.' म्हणजे मेडिकलवाल्याला ठाऊक, लॅबवाल्याला ठाऊक, औषध कंपन्यांच्या पोरांनाही ठाऊक. अंधारात फक्त पेशंट.

तेव्हा चिठ्ठी नीट पाहिली. वर सरांचं नाव, पदव्या, रजिस्ट्रेशन नंबर. खाली एक गिरगोटा, त्याच्याशेजारी ना नाव ना नंबर.

सरांना आम्ही शोधून काढलं, ते दुसरीकडे बसतात. त्यांनी सांगितलेली शेवटच्या दिवसाची तारीख आमच्या पावतीच्या आधीची निघाली. करारात अट होती म्हणे, की पेशंटशी स्वतःहून संपर्क साधायचा नाही आणि यादी सोबत न्यायची नाही. पेशंटना कळवायचं काम क्लिनिकने अंगावर घेतलं होतं. अशा अटी असतात हे खरं. पण मला हे अर्धंच पटलं. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या पेशंटच्या हक्कांवरच्या लिस्बन जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय, की उपचारांची गरज असेपर्यंत, पेशंटला दुसरी सोय करायला मदत आणि पुरेसा वेळ दिल्याशिवाय डॉक्टरने उपचार सोडू नयेत. 'मी अमुक तारखेला जातोय, फाइलची प्रत मागून घ्या', एवढं शेवटच्या भेटीत तोंडी सांगितलं असतं तर कुठला करार आड येणार होता? तरी पैशांची लबाडी त्यांची नाही, क्लिनिकची आहे. ही सरमिसळ करू नका, नाहीतर तक्रार भलत्याच्या नावाने जाते आणि क्लिनिक नामानिराळं राहतं.

तुमचे डॉक्टर लागोपाठ 'रजेवर' दिसले, तर काउंटरवर तोंडी विचारत बसू नका, मेसेज किंवा ईमेल करा: डॉक्टर अजून इथे आहेत का, नसतील तर शेवटचा दिवस कोणता, आज कोण तपासणार आणि त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर काय. तोंडी थाप सहज मारली जाते, लिहून देताना हात अडखळतो. आम्हाला तोंडी भरपूर उत्तरं मिळाली होती, लेखी प्रश्नावर मात्र आठवडाभर शुकशुकाट. चिठ्ठीवर सही करणाऱ्याचं नाव वाचता येत नसेल तर तिथेच लिहून घ्या. आणि औषधं दर वेळी एकाच मेडिकलमधून घ्या, कारण आमच्याकडे चूक पकडली ती आईची आधीची औषधं माहीत असलेल्या माणसाने.

फाइल मागितली तेव्हा आधी एक पानी सारांश हातात टेकवला. नव्या डॉक्टरांना तो निरुपयोगी. त्यांना डोस कधी वाढवला, कधी उतरवला, कोणतं औषध का बंद केलं, जुने रिपोर्ट आणि हातांचे एक्स-रे हे सगळं लागतं. दोनदा लेखी मागितल्यावर प्रती मिळाल्या, एक्स-रे अजूनही 'शोधतोय'.

पॅकेजचे उरलेले पैसे परत द्यायला क्लिनिक तयार नाही. त्याऐवजी फुल बॉडी चेकअपमध्ये 'अ‍ॅडजस्ट' करून देतो म्हणतात. त्यासाठी सहीला दिलेल्या फॉर्मची पहिली ओळ चेकअपची आहे. दुसरी, बारीक अक्षरातली, अशी की आधीच्या सेवेबद्दल आमची कोणतीही तक्रार वा येणं बाकी नाही. आम्ही सही केलेली नाही. तुमच्यापुढे असा कागद आला तर तो घरी नेऊन वाचा. घरी नेऊ देत नसतील तर फोटो काढून ठेवा.