माइक ब्रीन की केव्हिन हार्लन?

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) बघणाऱ्यांमधला, या दोघांत भारी कॉमेंटेटर कोण, हा वाद काय मिटायचा नाही. ब्रीन 2006 पासून फायनल्स करतोय, उगाच आरडाओरडा नाही, मोक्याचा शॉट जाळीत गेला की फक्त 'बँग!' आणि मग गप्प, पब्लिकचा आवाज ऐकू देतो. 2016 ला ओक्लाहोमात स्टीफन करी या खेळाडूने ओव्हरटाइम संपता संपता लांबूनच घातला तेव्हा लागोपाठ दोनदा 'बँग' आलं, एरवी हात राखून बोलतो म्हणूनच ते अंगावर आलं ना!

हार्लनचं सगळंच उलटं, साधा ले-अप (जाळीजवळून टाकलेला सोपा शॉट) पण असा सांगणार की जणू गड सर केला, काहींना डोकेदुखी वाटते पण माणूस रेडिओचा पण आहे राव, डोळे मिटून ऐकलं तरी मॅच दिसते. 2019 ला एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल) मॅचमध्ये काळी मांजर मैदानात घुसली तर पठ्ठ्याने रेडिओवर तिचीही कॉमेंट्री केली!

ब्रीनबद्दल एकच तक्रार, आणि त्यात त्याचा दोष नाही. 2023 ला त्याच्या जोडीचे कॉमेंटेटर व्हॅन गंडी आणि मार्क जॅक्सनला काढलं आणि ती थट्टामस्करीच गेली.

फायनलला ब्रीनच हवा. जानेवारीतली रटाळ मॅच असेल तर मात्र हार्लन लावा.