‘पिंगळावेळ’ आणि तिच्या वाचकांतले दोन तट

जी. ए. कुलकर्णी यांचा ‘पिंगळावेळ’ हा कथासंग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच्याविषयी मराठी वाचकांचे एकमत झालेले नाही. ‘निळासावळा’पासून ‘काजळमाया’पर्यंत जी.एं.ना मानणाऱ्या वाचकांपैकीही काहींना हा संग्रह त्यांच्या लेखनाचे शिखर वाटतो, तर काहींना त्यात कथा कमी आणि चिंतन जास्त झाल्याची तक्रार करावीशी वाटते. आमच्या वाचनमंडळात हे पुस्तक चर्चेला घेतले तेव्हा हेच दोन तट पडले. नेहमी सर्वांना बोलते करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, त्यांना त्या दिवशी सर्वांना थांबवण्याचे काम करावे लागले.

वादाचे मूळ संग्रहाच्या रचनेतच आहे. त्यात एका बाजूला ‘कैरी’सारखी कथा आहे. पोरके झालेले मूल तानीमावशीच्या घरी येते आणि नवऱ्याच्या जाचात दिवस काढणारी ती मावशी आपल्याला स्वतःला कधी न मिळालेले सुख त्या मुलाच्या पदरात टाकू पाहते. घर, नातेवाईक, खाणेपिणे, बोलण्याची ढब हे सगळे वाचकाच्या ओळखीचे आहे. दुसऱ्या बाजूला ‘ऑर्फियस’ ही मृत पत्नीला पाताळातून परत आणताना मागे वळून पाहणाऱ्या आणि तिला पुन्हा गमावणाऱ्या गायकाची कथा ग्रीक पुराणातून येते, ‘यात्रिक’मधली जोडी सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतून येते, आणि ‘स्वामी’ कुठल्याशा आडगावच्या मठात घडत असली तरी तो मठ नकाशावर शोधण्यात अर्थ नाही. अमोल पालेकरांनी चित्रपटासाठी ‘कैरी’ निवडली यात नवल नाही. ‘यात्रिक’वर चित्रपट काढण्याचा विचार कोणाच्या मनात येईल असे वाटत नाही.

पहिल्या तटातले वाचक म्हणतात, की आम्हाला ‘कैरी’चे जी.ए. हवेत. आमच्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका तर स्पष्टच म्हणाल्या, की तानीमावशी मला माझ्या आजोळी भेटलेली आहे, पण ऑर्फियसशी माझा काही संबंध नाही. दुसऱ्या तटाच्या मते कौटुंबिक दुःखाच्या कथा मराठीत पुष्कळांनी लिहिल्या आहेत. माणूस, मृत्यू आणि नियती यांचा एवढा थेट सामना मात्र दुसऱ्या कोणी मांडला नाही, आणि म्हणून ‘स्वामी’ व ‘ऑर्फियस’ हाच या पुस्तकाचा गाभा आहे.

मला ही फाळणीच मान्य नाही. ‘कैरी’ आणि ‘स्वामी’ या कथा लागोपाठ वाचून पाहाव्यात. दोन्हींत एक माणूस स्वतःच्या चुकीशिवाय बंदिस्त झालेला आहे. दोन्हींत सुटकेची वाट इतरांनी आधीच बुजवलेली आहे. आणि दोन्हींत तो माणूस आपल्या वाट्याला न येणारी गोष्ट दुसऱ्या एखाद्या जिवापर्यंत पोहोचवण्याची धडपड करतो. मावशीच्या बाबतीत तो जीव म्हणजे बहिणीचे मूल आहे, आणि ‘स्वामी’त ती कोंडलेल्या खोलीतून उजेडाच्या दिशेने वर चढत जाणारी वेल आहे. एका कथेला वास्तववादी आणि दुसरीला रूपककथा म्हणणे अभ्यासक्रमासाठी सोयीचे असेल. वाचताना दोन्हींखालचा प्रवाह एकच असल्याचे जाणवते.

‘स्वामी’विषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त वाद तिच्यावरच होतो. परक्या गावी अडकलेल्या माणसाला मठात आसरा मिळतो आणि पुढे त्यालाच मठाचा स्वामी करून जमिनीखालच्या खोलीत कायमचे ठेवले जाते. त्याला कशाचीही ददात पडू दिली जात नाही. फक्त बाहेर जाण्याची मुभा नसते. महंत या कोंडून ठेवण्याचे समर्थन शांतपणे, सुसंस्कृत भाषेत करतो. ‘जी.ए. फार निराश करतात’ हा आक्षेप या कथेसंदर्भात हमखास घेतला जातो. वेलीचा शेवट काहींना शरणागतीसारखा वाटतो, काहींना तो विजय वाटतो. मी दुसऱ्यांच्या बाजूने आहे; पण हा विजय कोणाला उपयोगी पडणारा नाही, कोणी तो पाहणारही नाही, हे लेखक झाकत नाही, आणि तिथेच ही कथा नुसता सुविचार होण्यापासून बचावते.

महंताच्या बाबतीत एक गंमत सांगण्यासारखी आहे. जी.एं.ची वाक्ये समाजमाध्यमांवर ‘तत्त्वज्ञान’ म्हणून फिरत असतात, आणि कथेत ती कोणाच्या तोंडी आहेत याची चौकशी कोणी करत नाही. एका निरपराध माणसाला डांबणाऱ्याचा युक्तिवाद सुप्रभाताच्या संदेशात लेखकाचे मत म्हणून यावा, हे जी.एं.ना कदाचित आवडलेही असते.

नावडीच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो, आणि जी.एं.चे भक्त तो ऐकून घेत नाहीत. प्रतीकात्मक कथांतली माणसे एकमेकांसारखीच बोलतात. प्रत्येकाचे वाक्य लांब, घडवलेले, उपमांनी भरलेले असते, आणि एक उपमा मनात उतरण्याआधी दुसरी येऊन तिच्यावर बसते. ‘ऑर्फियस’मध्ये हे खपून जाते, कारण कथा सर्वांना ठाऊक आहे आणि लेखकाचे सारे लक्ष वळून पाहण्याच्या त्या एका क्षणामागच्या विचारावर आहे. ‘यात्रिक’मध्ये मात्र मूळ कादंबरी न वाचलेला वाचक सरळ बाहेर राहतो. आमच्यातल्या एका तरुण वाचकाने ती अर्ध्यात सोडली, आणि त्याला आळशी ठरवण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही. उलट ‘कैरी’मध्ये निवेदन मुलाच्या नजरेला बांधलेले असल्यामुळे भाषेला आपोआप आवर बसतो, मोठ्यांचे क्रौर्य मुलाला जेवढे दिसते आणि समजते तेवढेच आपल्याला कळते, आणि उरलेले आपण स्वतः ओळखतो.

कादंबरीकार आणि समीक्षक भालचंद्र नेमाड्यांनी लघुकथा हा प्रकारच दुय्यम ठरवला, हे सर्वश्रुत आहे. त्या निवाड्याविरुद्ध साक्ष म्हणून मी संपूर्ण ‘पिंगळावेळ’ पुढे करणार नाही, पण ‘कैरी’ आणि ‘स्वामी’ नक्कीच करीन.

ज्यांनी जी.ए. अजून वाचलेले नाहीत, त्यांनी अनुक्रमणिकेचा क्रम पाळू नये. सुरुवात ‘कैरी’पासून करावी, मग एखाद्या मोकळ्या सुटीच्या दिवशी ‘स्वामी’ एका बैठकीत वाचावी, आणि ‘यात्रिक’ अगदी शेवटी ठेवावी. मूळ कादंबरीचा निदान मराठी सारांश हाताशी असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.