एक्झिक्युटर मरतोय: हीप वाढवायची, ओव्हरहेड वाढवायचा, कोअर कमी करायचे की पार्टिशन वाढवायची?

रात्रीचा स्पार्क जॉब (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून चालणारं काम) पडला की सकाळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा एक्झिक्युटरच्या, म्हणजे ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या प्रोसेसच्या, मेमरीच्या सेटिंगकडे जातो. ८ जीबी होती ती १२ करायची आणि जॉब पुन्हा लावायचा. चालला तर प्रश्न सुटला, नाही चालला तर १६ करायची. मीही बरीच वर्षं हेच केलं. आता करत नाही, कारण यार्नवर (मशीनची मेमरी जॉबना वाटून देणाऱ्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या क्लस्टरमध्ये मेमरीच्या तक्रारीवर चार वेगळे उपाय आहेत आणि चारांची किंमत वेगळी आहे. हीप वाढवणं हा त्यातला बहुतेक वेळा सगळ्यात महागडा उपाय ठरतो.

आधी कंटेनरचा, म्हणजे यार्न एका एक्झिक्युटरला देतो त्या जागेचा, हिशेब मांडू, म्हणजे पुढची तुलना हवेत राहणार नाही. समजा एक्झिक्युटरला ८ जीबी मेमरी आणि ४ कोअर दिलेत. एका कोअरवर एका वेळी एक टास्क, म्हणजे कामाचा एक तुकडा, चालतो. ८ जीबी म्हणजे ८१९२ एमबी, ही जेव्हीएमची, म्हणजे स्पार्क ज्यावर चालतो त्या जावाच्या यंत्रणेची, हीप. त्यातले ३०० एमबी स्पार्क स्वतःसाठी बाजूला ठेवतो. उरलेल्यापैकी ०.६ भाग, म्हणजे साधारण ४७३५ एमबी, सॉर्ट, जॉइन, ॲग्रिगेशन आणि कॅश यांच्या वाट्याला येतो. बाकीची जागा तुमच्या कोडमधले ऑब्जेक्ट आणि स्पार्कचा अंतर्गत पसारा यांची. काहीही कॅश केलेलं नाही आणि चारही टास्क एकाच वेळी चालू आहेत असं धरलं, तर एका टास्कला जास्तीत जास्त ११८४ एमबी मिळतात. तुम्ही ८ जीबी दिलेत, टास्कला जेमतेम सव्वा जीबीही पोचत नाही.

हीपच्या बाहेर ओव्हरहेड, म्हणजे इतर गरजांसाठीची राखीव मेमरी, असतो. काही सांगितलं नाही तर तो हीपच्या १० टक्के किंवा ३८४ एमबी, यातलं जे मोठं ते. इथे ८१९ एमबी. दोन्ही मिळून ९०११ एमबीची मागणी यार्नकडे जाते. कपॅसिटी शेड्युलर ती किमान वाटपाच्या पटीत वर नेतो. किमान वाटप १०२४ एमबी असेल, तर कंटेनर ९२१६ एमबीचा होतो. नोडवर, म्हणजे एका मशीनवर, यार्नला ५६ जीबी दिलेले असतील तर असे ६ कंटेनर बसतात, म्हणजे एका वेळी २४ टास्क.

आता हीप १२ जीबी करा. ओव्हरहेड धरून आणि वर नेऊन कंटेनर १४३३६ एमबीचा होतो. त्याच नोडवर आता फक्त ४ बसतात. टास्क २४ वरून १६ वर आले. मेमरी दीडपट केली आणि त्या बदल्यात एक तृतीयांश समांतर काम गमावलं. प्रत्येक टास्कच्या वाट्याला साधारण १७९८ एमबी आले हे खरं.

याच्या शेजारी दुसरा पर्याय ठेवून बघा: हीप ८ जीबीच राहू द्या आणि कोअर ४ चे ३ करा. कंटेनरचा आकार बदलत नाही, ६ च्या ६ बसतात, टास्क १८ चालतात आणि प्रत्येकाला साधारण १५७८ एमबी मिळतात. हीपच्या पर्यायापेक्षा टास्कमागे २२० एमबी कमी, पण दोन टास्क जास्त. शिवाय ओव्हरहेडची ८१९ एमबी आता चारऐवजी तिघांत वाटली जाते, म्हणजे कंटेनरच्या आत आणि हीपच्या बाहेर, दोन्हीकडे थोडा श्वास मिळतो. दुखणं नेमकं कुठे आहे हे कळत नसेल आणि जॉब आज रात्री चालायलाच हवा असेल, तर मी पहिला हात कोअरला घालतो. एक आकडा बदलायचा, बाकी क्लस्टरला धक्का लागत नाही.

पण दुखणं बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी लॉग शेवटून न वाचता पहिल्या मेलेल्या एक्झिक्युटरपासून वाचायला हवा. शेवटी दिसते ती फेच फेल्डची तक्रार: शफलचा (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्याच्या टास्ककडे जाणारा) डेटा आणायला गेलो, समोरचा मिळाला नाही. ती पाहून कोणीतरी नेटवर्क टाइमआउट १२० सेकंदांवरून ६०० वर नेतो. समोरचा एक्झिक्युटर मेमरीपायी आधीच मेलेला असतो, त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबलं काय आणि दोन थांबलं काय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

थोडं वर गेलात की खरी ओळ सापडते आणि तिथेच हीप की ओव्हरहेड याचा निकाल लागतो. ‘जावा हीप स्पेस’ असं लिहून आउट ऑफ मेमरी आलं असेल तर जागा जेव्हीएमच्या आत संपली आहे. ‘कंटेनर किल्ड बाय यार्न’ आणि पुढे फिजिकल मेमरीची मर्यादा ओलांडल्याचा उल्लेख असेल, तर जेव्हीएमची तक्रार नाही, बाहेरचा पहारेकरी चिडलाय. जेव्हीएमला स्वतःचा शेवट कळलेलाही नसतो, म्हणून तिच्या लॉगमध्ये काही सापडत नाही. अशा वेळी हीप वाढवली तर जॉब कधीकधी चालून जातो, कारण १० टक्क्यांच्या हिशेबाने ओव्हरहेडही थोडा वाढतो. ४०० एमबी बाहेर हवे होते, त्यासाठी ४ जीबी आत दिले. ओव्हरहेडची सेटिंग थेट दीड जीबी केली असती तर कंटेनर १०२४० एमबीचा झाला असता आणि नोडवर ५ बसले असते, ४ नाही.

पायथनमध्ये जॉब लिहिणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यायला हवं. पायस्पार्कमध्ये तुमचं फंक्शन जेव्हीएममध्ये चालत नाही, शेजारच्या पायथन प्रोसेसमध्ये चालतं. पायथनसाठी वेगळी मर्यादा लावली नसेल तर तिची मेमरी हीपमधून जात नाही, कंटेनरच्या उरलेल्या जागेतून जाते. पांडाजचं यूडीएफ (स्वतः लिहिलेलं फंक्शन) लावलं, बॅच मोठी आली आणि ८१९ एमबी पुरले नाहीत, की कंटेनर गेला. अशा जॉबला हीप कमी करून ओव्हरहेड वाढवणं हाच सरळ उपाय असतो, आणि तो करायला लोक का कचरतात हे मला आजही उमगत नाही. कुबरनेटिसवर (यार्नऐवजी वापरता येणाऱ्या व्यवस्थेवर) स्पार्क स्वतःच हे ओळखतो: पायथनच्या जॉबला तिथे ओव्हरहेड मुळातच ४० टक्के धरला जातो, यार्नवर मात्र १० च. त्यामुळे तिथे नीट चालणारा जॉब इकडे आणला की पडू शकतो. (संदेशात फिजिकलऐवजी व्हर्च्युअल मेमरी लिहिलेली असेल तर गोष्ट निराळी. नोड मॅनेजर व्हर्च्युअल मेमरीला फिजिकलच्या २.१ पट मर्यादा लावतो. ती तपासणी बंद करायची की नाही हा क्लस्टर सांभाळणाऱ्याचा निर्णय, जॉबवाल्याचा नाही.)

चौथा पर्याय पार्टिशनचा, म्हणजे डेटाचे तुकडे वाढवण्याचा, आणि माझं झुकतं माप त्याच्याकडे आहे, कारण त्याला मेमरी लागतच नाही. स्पार्क एसक्यूएलमध्ये शफलची पार्टिशन मुळात २०० असतात. डेटा कितीही असो, २००. शफलमधून २०० जीबी जात असतील तर एका पार्टिशनला १ जीबी येतो, आणि वरचा हिशेब आठवा, टास्कच्या हातात ११८४ एमबी आहेत. डेटा मेमरीत उलगडला की फुगतो, मग डिस्कवर सांडायला लागतो. स्पार्कच्या वेब यूआयमध्ये स्टेजच्या पानावर स्पिलचे (डिस्कवर सांडलेल्या डेटाचे) आकडे दिसू लागतात, जॉब रेंगाळतो आणि एखाद्या रात्री डेटा थोडा जास्त आला की पडतो. पार्टिशन १६०० केली तर प्रत्येकात १२८ एमबी येतात. एकही एमबी जास्तीचा न मागता टास्कवरचा बोजा आठवा हिस्सा झाला. खर्च एवढाच की टास्कची संख्या वाढते आणि शफलचे तुकडे बारीक होतात. मध्यम क्लस्टरला हा खर्च जाणवत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: स्पार्क ३.२ पासून ॲडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन (जॉब चालू असतानाच योजना बदलणारी सोय) आपोआप चालू असतं, मग हे हाताने कशाला? कारण ते लहान पार्टिशन एकत्र करतं, पण सगळीच पार्टिशन सारखी अवजड असतील तर ती फोडत नाही. म्हणून सुरुवातीचा आकडा मोठा ठेवा, जोडायचं काम त्याच्यावर सोडा.

पार्टिशन वाढवूनही जिथे काही होत नाही अशी एक जागा आहे. आमच्या एका जॉबमध्ये हीप ८ वरून १२ आणि १२ वरून १६ जीबी झाली होती, पार्टिशनही वाढवून झाली होती, तरी तो त्याच स्टेजला मरायचा. स्टेजच्या पानावर समरी मेट्रिक्सचा तक्ता उघडला. शफल रीडच्या ओळीत मिडियन ९० एमबी, पंचाहत्तराव्या पर्सेंटाइलला १०० च्या आसपास, आणि मॅक्स १४ जीबी. जॉइनच्या कीमध्ये नल (रिकाम्या किमती) भरलेले होते आणि सगळे नल एकाच टास्ककडे चालले होते. इनर जॉइनमध्ये नलची की कशालाच जुळत नाही, म्हणून जॉइनच्या आधी त्या ओळी गाळल्या आणि हीप पुन्हा ८ वर आणली. तेव्हापासून कोणतीही मेमरी वाढवण्याआधी मी मिडियन आणि मॅक्स शेजारी शेजारी बघतो. दोन्ही आकडे जवळपास असतील तर पार्टिशन किंवा मेमरी. मॅक्स कित्येक पटींनी पुढे असेल तर डेटा एका बाजूला कललाय, आणि कललेल्या डेटाला कॉन्फिगरेशनमध्ये फारसं औषध नाही. ॲडॅप्टिव्ह एक्झिक्युशन सॉर्ट मर्ज जॉइनमधलं असं पार्टिशन फोडतं, पण ते मिडियनच्या ५ पटींहून आणि २५६ एमबीहून मोठं असेल तरच. ग्रुप बाय ला हा आधार नाही. तिथे की ला मीठ लावून, म्हणजे जोडीला एक फिरता आकडा देऊन, दोन टप्प्यांत बेरीज करावी लागते.

मग हीप वाढवणं योग्य कधी? टेबल ब्रॉडकास्ट होत असेल तर, कारण त्याची प्रत प्रत्येक एक्झिक्युटरमध्ये असते आणि ती कोअर किंवा पार्टिशन बदलून लहान होत नाही. तोच डेटा पुन्हा पुन्हा लागतो म्हणून मुद्दाम कॅश केला असेल तर. आणि एक्झिक्युटरच्या पानावर जीसीचा (हीपमधले नको असलेले ऑब्जेक्ट साफ करण्याचा) वेळ टास्कच्या वेळेच्या १० टक्क्यांपुढे जाऊन रकाना लाल झाला असेल, पार्टिशन आटोपशीर असूनही, तर. तेव्हाही ३२ जीबीच्या खाली राहावं. त्यापुढे जेव्हीएम आखूड पॉइंटर वापरू शकत नाही आणि वाढवलेल्या मेमरीचा काही भाग लांब पॉइंटरच खातात. ड्रायव्हर (जॉब चालवणारी मुख्य प्रोसेस) मरत असेल तर हे सगळं गैरलागू: मोठा कलेक्ट (सगळा निकाल ड्रायव्हरकडे ओढणं) किंवा मोठा ब्रॉडकास्ट शोधा.

पर्याय ठरल्यावर तो कुठे लिहायचा हा प्रश्न उरतो, आणि इथे निवडलेला बरोबर उपाय वाया गेलेला मी सगळ्यात जास्त पाहिलाय. कोडमध्ये लिहिलेली किंमत सबमिटच्या कमांडवर मात करते, कमांड डिफॉल्टच्या फाइलवर. म्हणजे कोणी दोन वर्षांपूर्वी कोडमध्ये पार्टिशन २०० लिहून ठेवली असतील तर तुम्ही कमांडवर १६०० लिहून उपयोग नाही. मी मेमरीच्या सेटिंग कमांडवर ठेवतो आणि कोडमधून काढून टाकतो. क्लायंट मोडमध्ये ड्रायव्हरची मेमरी कोडमध्ये लिहून तर काहीच होत नाही, तो कोड वाचला जाईपर्यंत ड्रायव्हरची जेव्हीएम उभी राहिलेली असते.

कमांडवरही एक खड्डा आहे. कॉन्फचे (सेटिंगचे) पर्याय जारच्या, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइलच्या, नावाआधी यायला हवेत. घाईत ओळीच्या शेवटी जोडले, तर स्पार्क त्यांना तुमच्या प्रोग्रॅमचे आर्ग्युमेंट समजतो आणि तुमचा प्रोग्रॅम बहुधा त्यांच्याकडे बघतही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, जॉब जुन्याच आकड्यांवर चालतो. म्हणून सेटिंग बदलली की जॉब सुरू होताच ड्रायव्हरचं ४०४० पोर्टवरचं पान किंवा यार्नवरून त्याची लिंक उघडून एन्व्हायर्नमेंटचा टॅब बघावा. तिथे स्पष्टपणे दिलेल्या सेटिंगच दिसतात. तुमचा आकडा त्या यादीत नसेल तर तो स्पार्कपर्यंत पोचलेलाच नाही, आणि निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा जॉब तिथेच मारून कमांड दुरुस्त करणं बरं.