सैतान आला कुठून? मंडळीत संदेश देण्याआधी चार मतांचा आढावा

देवाने सगळं चांगलं निर्माण केलं, मग सैतान आला कुठून? नवापूर, नंदुरबार, साक्रीकडच्या मंडळ्यांमध्ये बायबल अभ्यास घेणाऱ्याला हा प्रश्न हमखास विचारला जातो. पाळकसाहेब एक उत्तर देतात, कॅथलिक फादर थोडं वेगळं देतात, आणि मोबाईलवरची प्रवचनं ऐकली तर रोज नवीनच काही कानावर पडतं. ज्याला युवक संघात किंवा उपवास-प्रार्थनेत या विषयावर उभं राहायचं आहे, त्याला कुठलीतरी एक बाजू धरावीच लागते. हे त्याच्यासाठी लिहितो आहे.

मी दोन गोष्टी पाहून मतं तोलली आहेत. एक, शास्त्रात आधार किती. दुसरी, ती शिकवण पाड्यावर पोहोचली की कोणाच्या अंगावर येते. खानदेशात ही दुसरी गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला ‘डाकीण’ हा आळ अजून घेतला जातो, आणि तो बऱ्याचदा एकट्या पडलेल्या बाईवरच येतो. आपण व्यासपीठावरून ‘सैतान’ म्हणतो, तेव्हा खाली बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं याचा विचार बोलणाऱ्याने आधीच करायला हवा.

पतित देवदूत

हे जुनं आणि सगळ्यात पसरलेलं मत. सैतान हा देवाने निर्माण केलेला चांगला दूत होता, त्याने आपल्या इच्छेने देवाकडे पाठ फिरवली आणि त्याचं पतन झालं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या इथेच उभ्या आहेत. १२१५ साली रोममधल्या चौथ्या लॅटरन परिषदेने हे कबुलीत घातलं: सैतान आणि इतर भुते देवाने स्वभावाने चांगलीच निर्माण केली, ती वाईट झाली ती स्वतःमुळे. त्याआधी ५६१ साली ब्रागाच्या परिषदेने, सैतान अंधारातून आपोआप उपजला असं म्हणणाऱ्यांना चूक ठरवलं होतं.

या दोन्ही परिषदांसमोरचा प्रश्न एकच होता. जगात दोन मूळ शक्ती आहेत, एक चांगली आणि एक वाईट, असं म्हणणारे लोक होते. मंडळीने त्यांना ठाम नकार दिला, कारण कलस्सैकरांस पत्रात सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झालं असं म्हटलं आहे, आणि त्या ‘सर्व’मध्ये अदृश्य सत्ताही येतात. हे मला फार मोलाचं वाटतं. आमच्याकडच्या किती संदेशांमध्ये देव एका बाजूला आणि सैतान दुसऱ्या बाजूला असा बरोबरीचा सामना रंगवला जातो! ऐकणारा घरी जातो तो सैतानाची धास्ती घेऊन, देवावरचा भरवसा घेऊन नव्हे.

पण या मताचे दोन थर आहेत आणि ते वेगळे करायला हवेत. गाभा एवढाच: निर्माण केलेला, चांगला, स्वेच्छेने बिघडलेला. त्याच्यावर चढलेली गोष्ट मात्र मोठी आहे. तो स्वर्गातला सगळ्यात सुंदर दूत होता, गायनाचा प्रमुख होता, तिसरा हिस्सा दूत घेऊन बंड केलं, सृष्टीच्या आधीच खाली फेकला गेला. ही गोष्ट मुख्यतः यशया १४ आणि यहेज्केल २८ या दोन अध्यायांवर उभी आहे. ते अध्याय उघडून वाचा. पहिल्यात बाबेलच्या राजाची गर्वाची कहाणी आहे, दुसऱ्यात सोराच्या राजाची. ते सैतानाला लावण्याची रीत तिसऱ्या शतकात ओरिगेन या मंडळीच्या विद्वानाने ठळकपणे मांडली आणि पुढे ती चालत आली. सुधारणेच्या काळातल्या कॅल्विनने तर यशयाच्या भाष्यात, हा अर्थ अज्ञानातून आला आहे, असं स्पष्ट लिहिलं. सैतान खरा आहे, यावर मात्र कॅल्विनला तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे ही गोष्ट सोडली म्हणून गाभा सुटत नाही.

पतन कधी झालं, यावरही एकमत नाही. मंडळीचे दोन थोर शिक्षक, ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस, म्हणतात, निर्मितीनंतर लगेच. उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनामध्ये मोठा काळ गेला आणि पतन त्या काळात झालं, हे मत थॉमस चामर्स या स्कॉटिश पाळकाने १८१४ साली मांडलेल्या दोन वचनांमधल्या खंडाच्या कल्पनेवर उभं आहे. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे ते जगभर पोहोचलं. आपल्याकडचे अनेक प्रचारक ते शास्त्रवचन असल्यासारखं सांगतात, पण ती टीप आहे. प्रकटीकरण १२ मधलं, मीखाएल आणि अजगराचं स्वर्गातलं युद्ध तर स्त्रीला मूल जन्मल्यानंतरचं आहे, सृष्टीच्या आधीचं नाही.

कारण काय, यावर दोन उत्तरं. ऑगस्टीन गर्व म्हणतो, आणि १ तीमथ्य ३:६ त्याच्या बाजूने आहे. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियस मत्सर म्हणतो: देवाने माणसाला दिलेला मान त्याला सहन झाला नाही. कॅथलिक बायबलमधल्या ज्ञानग्रंथात, सैतानाच्या मत्सराने मरण जगात आलं, असं वचन आहे. आपल्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसल्याने हे उत्तर आपल्या कानावर क्वचितच येतं.

खरी अडचण वेगळीच आहे. चांगल्या देवाने केलेल्या चांगल्या दूताच्या मनात वाईट इच्छा आलीच कशी? योहान ८:४४ मध्ये तर तो आरंभापासून मनुष्यघातक आहे. ऑगस्टीनने यावर बरंच लिहिलं आणि शेवटी म्हटलं की वाईट इच्छेचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहायचा, शांतता कानांनी ऐकायची असं म्हणण्यासारखं आहे. हे उत्तर अपुरं वाटू शकतं. मला ते प्रामाणिक वाटतं.

हनोखाच्या पुस्तकातले दूत

उत्पत्ती ६ मध्ये देवपुत्र मानवकन्यांकडे आकर्षित होतात आणि महाकाय जन्मतात. हनोखाच्या नावाच्या जुन्या यहुदी पुस्तकात ही गोष्ट विस्ताराने येते: दूत खाली आले ते वासनेपायी, आणि मेलेल्या महाकायांचे आत्मे म्हणजे भुते. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनने, म्हणजे मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळात, याच्याशी मिळतं मत मांडलं. यहूदाच्या पत्रात हनोखाचा उतारा आहे. इथिओपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी आजही हे पुस्तक शास्त्रात धरते. ऑगस्टीनने ही समजूत नाकारली, आणि पश्चिमेकडे ती मागे पडली.

अभ्यासाला विषय उत्तम, शिकवायला मात्र मी हे मत निवडणार नाही. मेलेल्यांचे आत्मे लोकांना धरतात, असं ऐकलं की आमच्याकडचा माणूस त्यात महाकाय पाहत नाही. त्याला दिसते मागच्या वर्षी विहिरीत पडून गेलेली शेजारीण.

देवाच्या दरबारातला आरोप करणारा

ईयोबाच्या पहिल्या दोन अध्यायांत सैतान देवपुत्रांबरोबर परमेश्वरासमोर येतो, परवानगी मागतो आणि दिलेल्या मर्यादेतच वागतो. जखऱ्या ३ मध्ये तो महायाजक यहोशवावर आरोप करायला उभा आहे. दाविदाच्या शिरगणतीबद्दल २ शमुवेल २४ म्हणतं की परमेश्वराच्या रागामुळे झालं. तीच हकीकत १ इतिहास २१ मध्ये सैतानाच्या नावावर आहे. यावरून अनेक अभ्यासक म्हणतात की आधी सैतान हे दरबारातलं एक काम होतं, देवाचा शत्रू ही ओळख हळूहळू घडली.

जुन्या कराराचं वाचन या मताने फार सुटसुटीत होतं. दुःखात असलेल्याला एक आधारही मिळतो की सैतानाच्या गळ्यातली दोरी देवाच्या हातात आहे. पण नव्या करारात येशू त्याला दरबाराचा नोकर मानत नाही. तो बलवानाच्या घरात शिरून त्याला बांधण्याची भाषा बोलतो. आणि हे मत कच्च्या हाताने सांगितलं तर मुलीला ताप आला तोही ‘देवानेच पाठवला’ होतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून हे ऐकवणं क्रूर आहे.

व्यक्ती नाही, वाईटाचं नाव

एकोणिसाव्या शतकात श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने सैतानाची कल्पना श्रद्धेला आवश्यक नाही असं मांडलं. नव्या कराराचा जर्मन अभ्यासक बुल्टमान याने १९४१ साली म्हटलं की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणाऱ्या माणसाला आत्म्यांचं ते जग जसंच्या तसं मानता येत नाही. क्रिस्टाडेल्फियन पंथ तर बायबलचाच आधार घेऊन सांगतो की सैतान म्हणजे माणसातली पापी वृत्ती, आणि माणूस आपल्याच वासनेने मोहात पडतो हे याकोब १:१४ चं वचन पुढे करतो. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थने पतित दूताची गोष्ट नाकारली, पण वाईटाला हलकं मानलं नाही.

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंकची मांडणी मला यात सगळ्यात उपयोगाची वाटते. सत्ता, व्यवस्था, संस्था यांनाही एक आतलं रूप असतं आणि ते बिघडतं, असं तो म्हणतो. आमच्याकडे हे समजावायला पुस्तक लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन अख्खी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात, फेडता फेडता पुढच्या वर्षीची उचल चढते, पोरांची शाळा सुटते. यात एक कोणी दुष्ट माणूस शोधून सापडत नाही, तरी माणसं चिरडली जातात. आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही, सत्तांशी आहे, हे इफिसकरांस पत्र ६:१२ तिथे वाचून पाहा.

तरीही केवळ हे मत घेऊन पाड्यावर जाऊ नये असं मला वाटतं. ‘सैतान बितान काही नाही’ म्हणून भीती जात नाही. घाबरलेली माणसं मान डोलावतात आणि रात्री भगताकडे जातात. शिवाय शुभवर्तमानात येशूची परीक्षा, त्याचं भुतांशी बोलणं, हे सगळं केवळ मनाचा खेळ म्हणून वाचायला मजकुराची बरीच ओढाताण करावी लागते.

पाड्यावर कसोटी लागते तेव्हा

साक्री तालुक्यात एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. प्रार्थना चालू असतानाच घरातली मुलगी आडवी झाली, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली. तिची आजी म्हणाली, ‘पोरले बाहेरनं लागेल शे,’ म्हणजे पोरीला बाहेरची बाधा झाली आहे. मग दाराशी उभ्या असलेल्यांपैकी एकीने मागच्या गल्लीतल्या एका बाईचं नाव घेतलं, आणि घर एकदम गप्प झालं.

आमच्यातल्या वडीलधाऱ्या भाऊंनी मुलीला कुशीवर वळवलं, सगळ्यांना बाजूला केलं, आणि ती शुद्धीवर आल्यावर लूक १३ काढलं. अठरा वर्षं कुबड आलेली बाई. येशू म्हणतो, सैतानाने हिला बांधलं होतं. पण कोणी करणी केली, असं तो विचारत नाही. हिने काय पाप केलं, हेही विचारत नाही. तिला जवळ बोलावतो, हात ठेवतो आणि भर सभास्थानात अब्राहामाची कन्या म्हणतो. भाऊ म्हणाले, ‘प्रभूने दोष सैतानावर ठेवला, म्हणजे तो कुठल्याही बाईवर ठेवायचा नाही.’ मग मत्तय ४:२४ वाचलं. तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजले आहेत. मत्तय १७ मधल्या मुलाच्या बाबतीत दोन्ही एकत्र आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला दवाखान्यात नेलं, फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि प्रार्थनाही चालू राहिली.

कायदाही लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. एखाद्याला सैतान किंवा सैतानाचा अवतार ठरवणं हाही त्यातच येतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. प्रार्थनेला कायद्याची आडकाठी नाही. बोट दाखवण्याला आहे.

मग काय धरायचं?

मी पहिल्या मताचा गाभा धरतो आणि त्यावरची गोष्ट सोडतो. सैतान निर्माण केलेला आहे, म्हणून देवाच्या बरोबरीचा नाही. तो बिघडला, म्हणून वाईट हे देवाचं काम नाही. कोणी गायनप्रमुखाची कहाणी विचारली तर यशया १४ त्यांच्याकडूनच वाचून घ्यावं.

धुळे-जळगावच्या कॉलेजातल्या मुलांचा गट असेल तर चौथं मत टाळू नका. त्यांनी ते वाचलेलं असतं, आणि तुम्ही गप्प राहिलात तर ते तुम्हाला विचारायचंच बंद करतील. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र असतील तर कॅथलिक श्रद्धाग्रंथातले ३९१ ते ३९५ हे परिच्छेद हाताशी ठेवा. त्यात वाद घालण्यासारखं फार थोडं आहे. घरात आजारपण किंवा मृत्यू झाला असेल तिथे ईयोबाचे पहिले दोन अध्याय सांगू नका, मित्र सात दिवस न बोलता बसले एवढंच सांगा.

आणि एका प्रश्नाची तयारी करून जा, कारण मागच्या रांगेतलं एखादं लहान पोर तो विचारतंच: देव सैतानाला माफ का करत नाही? ओरिगेनच्या विचारात शेवटी सगळंच देवाकडे परत येण्याची आशा होती, आणि चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी, याने तर सैतानालाही त्यात धरलं. ५४३ साली सम्राट जस्टिनियनच्या आदेशात ही शिकवण धिक्कारली गेली. अक्वायनस म्हणतो, दूताचा निर्णय एकदा झाला की पालटत नाही, म्हणून अडथळा देवाच्या दयेत नाही, सैतानाच्या निवडीत आहे. मी पोरांना हे उत्तर देतो आणि सैतानाचा शेवट सांगणारं प्रकटीकरण २०:१० वाचायला लावतो. त्यावर पुन्हा हात वर होतात, म्हणून अभ्यासाच्या शेवटी थोडा वेळ राखून ठेवा.